कुदळ मारण्याआधी तीन कागद

पाऊस संपल्यावर ज्यांच्या घराचं काम निघणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वडिलोपार्जित जागेवर पक्क्या खोल्या बांधू पाहणारं शेतकरी कुटुंब, तालुक्याच्या गावी प्लॉट घेऊन ठेवलेल्या शिक्षिका, निवृत्तीचे पैसे हातात आलेले एस. टी.चे चालक, पुण्या-मुंबईतून किंवा दुबईतून पैसे पाठवून आईवडिलांसाठी गावी घर बांधणारी मुलं. यांतल्या बहुतेकांच्या आयुष्यात हे काम एकदाच होतं. ठेकेदाराने कित्येक घरं बांधलेली असतात, इंजिनिअरने त्याहून जास्त. पैसा मात्र ज्याचा लागतो त्याच्याकडेच अनुभव सगळ्यांत कमी असतो. ही उणीव भरून काढायची असेल तर काम सुरू होण्याआधी कागदावर वेळ द्यावा लागतो, आणि नेमका तोच वेळ आपल्याकडे दिला जात नाही. मुहूर्त ठरतो, नारळ फुटतो, खड्डे खणले जातात. जिना आत की बाहेर, यावर घरात चर्चा मात्र चालूच असते.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. घराचं बजेट सिमेंट-लोखंडाच्या भावाने सहसा मोडत नाही. ते मोडतं काम चालू असताना बदललेल्या आणि उशिरा घेतलेल्या निर्णयांनी. म्हणून कुदळ मारण्याआधी तीन कागद तयार करा: एक निर्णयांचा, दुसरा वेळेचा, तिसरा पैशांचा. क्रमही हाच ठेवा, कारण काय बांधायचं हे ठरल्याशिवाय किती दिवस लागतील ते कळत नाही, आणि दिवस कळल्याशिवाय पैसे कधी लागतील ते कळत नाही.

आधी हा हिशेब करून बघा

समजा तुम्ही एक हजार चौरस फुटांचं साधं, एकमजली, आर.सी.सी. घर बांधताय. अशा घराला दर चौरस फुटाला साधारण साडेतीन ते चार किलो लोखंड आणि अर्ध्या पोत्याहून थोडं कमी, म्हणजे ०.४ ते ०.४५ पोतं सिमेंट लागतं, असा इंजिनिअर लोकांचा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे सुमारे चार टन लोखंड आणि साडेचारशे पोती सिमेंट. आता समजा तुमचं काम चालू असताना लोखंड किलोमागे १० रुपयांनी महागलं. वाढीव खर्च ४० हजार रुपये. सिमेंट पोत्यामागे ५० रुपयांनी चढलं, तर साडेबावीस हजार. दोन्ही मिळून साठ-पासष्ट हजार. रक्कम लहान नाही, पण ती सोसता येते.

आता दुसरी बाजू बघा. जोतं झाल्यावर कुणीतरी म्हणतं, "एक खोली वाढवून घेऊ, पाहुणे आले की अडचण होते." दहा बाय दहाची ती खोली, म्हणजे शंभर चौरस फूट. बांधकामाचा दर दोन हजार रुपये चौरस फूट धरला तर सरळ दोन लाख. शिवाय नवीन फुटिंग, नव्या कॉलमची जुन्याशी जोडणी, बदललेला नकाशा आणि थांबलेले गवंडी, हे वेगळंच. बाजाराच्या भाववाढीच्या तिप्पट खर्च घरातल्या एका संध्याकाळच्या बोलण्यातून निघतो. तीच खोली नकाशावर असताना मागितली असती, तर कदाचित हॉल दोन फूट लहान करून त्याच क्षेत्रफळात बसवता आली असती.

मोठ्या सरकारी कामांनाही हे चुकलेलं नाही. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटी रुपयांचा होता. १९८८ साली पायाभरणी झाली, आणि पुढे हाच आकडा अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वाढत गेलेली कामं, लांबलेली वर्षं, सगळं त्यात आलं. सरकारी कामाला अशा वेळी 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळवता येते. तुमच्या घराला सुप्रमा देणारं कुणी नाही. तिथे वाढीव रक्कम येते ती सोनं मोडून, भिशी उचलून, नाहीतर मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून.

पहिला कागद: निर्णयांचा

नकाशा हातात आला की निर्णय झाले, असं समजू नका. नकाशात भिंती असतात. घर वापरताना लागणाऱ्या शेकडो गोष्टी नसतात. प्रत्येक निर्णयाला एक शेवटची तारीख असते. ती उलटली की तोच निर्णय तोडफोड करून घ्यावा लागतो. कोणता निर्णय कधीच्या आत घ्यायचा, हे कागदावर उतरवा.

फुटिंगच्या आधी: पुढे कधी वरचा मजला चढवायचा आहे का? चढवायचा असेल तर फुटिंग आणि कॉलम त्या वजनासाठीच डिझाइन झाले पाहिजेत. नंतर त्यात भर घालणं फार महागात पडतं. पाण्याची टाकी गच्चीवर कुठे, जिना कुठून, गाडी कुठे उभी राहणार, हेही याच टप्प्यावर.

जोत्याच्या आधी: जोत्याची उंची. समोरचा रस्ता दर डांबरीकरणात काही इंच वर येतो, म्हणून आजच्या रस्त्याकडे बघून उंची ठरवू नका. संडास-बाथरूमचे पाइप जोत्याखालून कुठून बाहेर पडणार, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा कुठे, बोअर किंवा विहिरीपासून तो किती लांब, हे मुरूम भरणीच्या आधीच ठरलं पाहिजे.

स्लॅबच्या आधी: पंख्यांचे हूक आणि बॉक्स, दिव्यांचे पॉइंट, विजेचे पाइप कुठून उतरणार. वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर तिथला स्लॅब खाली घ्यायचा का. स्लॅब ओतून झाल्यावर छिन्नी लावणं म्हणजे पैशाबरोबर मजबुतीही घालवणं.

वीटकामाच्या आधी: चौकटी सागवानी, ग्रॅनाइटच्या की तयार, आणि त्या साइटवर कधी येणार. चौकटीअभावी गवंडी बसून राहतात, हे नेहमीचं दृश्य आहे. खिडक्यांची मापं, ग्रिल आणि मच्छरजाळी हेही आताच.

प्लास्टरच्या आधी: नळ, गीझर, सोलर वॉटर हीटरचा गरम पाण्याचा पाइप, वॉशिंग मशीन, वॉटर फिल्टर, इन्व्हर्टरचं वायरिंग, ए.सी. आज घेणार नसाल तरी त्याचा पॉइंट. फरशीची जाडीही या वेळी माहीत हवी, नाहीतर दरवाजे खालून घासायला लागतात.

या यादीसाठी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. ओट्याची उंची किती असावी हे जी बाई रोज त्या ओट्यापाशी उभी राहणार आहे, तिने सांगितलं पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना रात्री उठून किती पावलं जावं लागतं, हे त्यांना विचारा. आपल्याकडे घराचे निर्णय पुरुष साइटवर उभे राहून घेतात आणि घरातल्या बायका वास्तुशांतीच्या आधी चार दिवस स्वयंपाकघर पाहतात. मग ओटा फुटतो, सिंक हलतं, टाइल्स पुन्हा बसतात. तो खर्च टाळायला एक संध्याकाळ पुरते.

एक नियमही घालून घ्या. स्लॅबनंतर बदल सुचला तर तो तोंडी सांगायचा नाही. कागदावर लिहायचा, ठेकेदाराकडून वाढीव रक्कम आणि वाढीव दिवस त्यापुढे लिहून घ्यायचे, आणि दोन दिवस थांबून मग हो म्हणायचं. आकडा डोळ्यासमोर आला की निम्मे बदल आपोआप मागे पडतात.

जमिनीच्या वरचं आणि खालचं

दुसऱ्या कागदाकडे जाण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, जागेचे कागद. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे, भाऊबंदांची वाटणी कागदावर झाली आहे का, जमीन अकृषिक आहे का, हे तपासा. हद्दीबद्दल शेजाऱ्याशी थोडी जरी कुरबूर असेल, तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. पायाचे खड्डे खणल्यावर आलेली हरकत काम महिनोन्महिने थांबवते. बांधकाम परवानगी घ्या आणि नकाशात दाखवलेलं सामासिक अंतर सोडूनच बांधा. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे आणि लहान भूखंडांवरच्या घरांसाठी तिच्यात परवानगीची पद्धत सोपी केलेली आहे. "सगळे असंच बांधतात" या भरवशावर राहू नका. बँकेचं कर्ज, पुढे विक्री, भोगवटा प्रमाणपत्र या सगळ्या ठिकाणी तो कागद मागितला जातो.

दुसरी गोष्ट, माती. सोलापूर, लातूर, परभणी, यवतमाळ अशा पट्ट्यांत काळी कसदार जमीन आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकलेला पाया वर्षानुवर्षं हलत राहतो. तिथे पाया कठीण मुरुमापर्यंत न्यावा लागतो, किंवा इंजिनिअर वेगळा उपाय सांगतो. कोकणात जांभा चार फुटांवर लागेल किंवा लागणार नाही. देशावर कधी दोन फुटांवर काळा पाषाण निघतो आणि ब्रेकर लावावा लागतो. म्हणून अंदाजपत्रक करण्याआधीच प्लॉटवर दोन चाचणी खड्डे घ्या आणि इंजिनिअरला आत डोकावून बघायला सांगा. एका जेसीबीच्या काही तासांच्या भाड्यात पायाच्या खर्चातली सगळ्यांत मोठी अनिश्चितता दूर होते.

आणि आर.सी.सी. डिझाइन करून घ्याच. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने सोसलेला आहे. "कॉलमला चार सळ्या टाका, चालतंय" असं म्हणणारा गवंडी कितीही जुना असला, तरी ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. त्याची फी एकूण खर्चात अगदी लहान असते. बचत करायची तर ती इथे करू नका.

दुसरा कागद: वेळेचा

आपल्याकडे घराचं वेळापत्रक जूनपासून उलटं मोजायचं. पावसाळा टाळायचा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एप्रिल-मेमधली पाणीटंचाईही तितकीच टाळायची असते, हे विसरलं जातं. काँक्रीट आणि प्लास्टर पाण्यावर मजबूत होतात. बोअर आटलं आणि टँकर महागला की पहिली काटछाट पाणी मारण्यातच होते. म्हणून जास्त पाण्याची कामं, म्हणजे स्लॅब, वीटकाम आणि प्लास्टर, मार्चअखेर आटोपली पाहिजेत.

हजार चौरस फुटांच्या एकमजली घराचं वेळापत्रक साधारण असं बसतं. जून ते सप्टेंबर: मोजणी, नकाशा, परवानगी, कर्ज, दर मागवणं, निर्णयांची यादी. या महिन्यांत एक वीटही लागत नाही, पण पुढचं सगळं काम यांवर उभं असतं. ऑक्टोबर: पाऊस थांबला की खोदाई आणि फुटिंग. नोव्हेंबर: जोतं आणि भरणी, दिवाळीत मजूर गावी जातात, ते दहा-पंधरा दिवस आधीच वजा धरा. डिसेंबर: कॉलम, बीम, सेंट्रिंग. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात स्लॅब. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी: वीटकाम. मार्च: विजेचे पाइप, नळाचे पाइप, प्लास्टर. उत्तरेकडचे कारागीर असतील तर होळीची सुट्टीही मोजा. एप्रिल: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, फरशी, ओटा. मे: रंग, दारं-खिडक्या, फिटिंग. असं केलं तर पहिला पाऊस येतो तेव्हा घर बंद करता येण्याजोगं असतं. दुमजली घर याच हिशेबाने एका हंगामात बसत नसेल, तर ते स्पष्टपणे दोन हंगामांत वाटून घ्या.

या वेळापत्रकात कामाचे दिवस असतात तसे थांबण्याचेही दिवस असतात, आणि ते काढून टाकता येत नाहीत. आय.एस. ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. आज घरबांधणीत सर्रास वापरलं जाणारं पी.पी.सी. सिमेंट असेल तर किमान दहा दिवस, आणि शिफारस चौदा दिवसांची आहे. साध्या सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा दिवस आणि त्याहून लांब बीमखालचे एकवीस दिवस काढायचे नसतात. पी.पी.सी.ची ताकद हळू येते, म्हणून त्याला आणखी थांबावं लागतं. सेंट्रिंगवाल्याला सामान दुसऱ्या साइटवर न्यायचं असतं, म्हणून तो घाई करतो. टेकू काढायची तारीख इंजिनिअरनेच सांगायची, आणि ती वहीत लिहून ठेवायची.

थांबण्याचे हे दिवस वाया जात नाहीत, जर ते आधी ठाऊक असतील तर. स्लॅबखाली टेकूंचं जंगल उभं असताना आत काम करता येत नाही. त्या दोन-तीन आठवड्यांत सेप्टिक टँक, जमिनीतली पाण्याची टाकी आणि कंपाउंडची भिंत उरकून घ्या. नियोजन म्हणजे मुख्यतः एवढंच आहे: कोणतं काम कशासाठी थांबलंय ते ओळखायचं, आणि जे कशासाठीच थांबलेलं नाही ते त्या वेळात करून घ्यायचं. तसंच ज्या वस्तू बनवून यायला वेळ लागतो, त्या आधी सांगून ठेवा. चौकटी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ग्रिल, जिन्याचं रेलिंग आणि वीजजोडणीचा अर्ज यांच्या पुढे 'कधी लागणार' यासोबत 'कधी सांगायचं' ही तारीखही लिहा.

तिसरा कागद: पैशांचा

"आमच्याकडे अमुक रुपये स्क्वेअर फूट चाललंय" हा आकडा ऐकून बजेट करू नका. त्या आकड्यात काय धरलं आहे आणि काय नाही, यावर सगळं अवलंबून असतं. इंजिनिअरकडून बाबवार अंदाजपत्रक घ्या: खोदाई, फुटिंग, जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वीजकाम, रंग. प्रत्येक बाबीपुढे परिमाण, दर आणि रक्कम. सामान्य घरात स्लॅबपर्यंत पोचलं की लोकांना काम संपत आलं असं वाटतं. खरं तर साधारण निम्मा खर्च त्यानंतरच सुरू होतो. सांगाडा थोडक्या वस्तूंत उभा राहतो, पण राहण्याजोगं घर शेकडो वस्तूंनी होतं.

मग दुसरी यादी करा, ठेकेदाराच्या दरात सहसा नसलेल्या गोष्टींची. आर्किटेक्ट आणि आर.सी.सी. इंजिनिअरची फी, परवानगीचं शुल्क, बांधकाम कामगार उपकर, तात्पुरतं वीजमीटर, बोअर आणि मोटार, बांधकामाचं पाणी, जोत्यातली भरणी, सेप्टिक टँक, कंपाउंड आणि फाटक, अंगणातली फरशी, ग्रिल, किचन ट्रॉली, कपाटं, पंखे-दिवे, पडदे, कर्जाची प्रक्रिया फी, बांधकाम चालू असताना भरायचं व्याज, तोवर राहत्या घराचं भाडं आणि वास्तुशांती. घरं अर्धवट राहतात ती याच यादीमुळे. यांतली प्रत्येक ओळ लहान दिसते, म्हणून ती कुणी लिहीत नाही. तुम्ही लिहा, आणि प्रत्येकीपुढे स्थानिक दर विचारून आकडा मांडा.

दोन्ही याद्यांच्या बेरजेवर दहा टक्के राखीव ठेवा. वीस लाखांचं घर असेल तर दोन लाख. हे पैसे वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, म्हणजे सहज हात जाणार नाही. ते पायात निघालेल्या पाषाणासाठी, अवकाळी पावसासाठी, भाववाढीसाठी आहेत. भारी ग्रॅनाइटसाठी किंवा पी.ओ.पी.च्या छतासाठी नाहीत. दहा टक्के बाजूला काढल्यावर घर बसत नसेल, तर क्षेत्रफळ कमी करा. हे वाक्य कटू आहे, पण ते नकाशावर ऐकलेलं बरं.

शेवटी, पैसे महिन्यांप्रमाणे मांडा. एका बाजूला वेळापत्रकातून निघणारा दरमहा खर्च, दुसऱ्या बाजूला हातात येणारा पैसा. कर्ज मंजूर झालं म्हणजे पैसे हातात आले असं नसतं. बँक आधी तुमचा वाटा लावायला सांगते आणि मग काम पाहून टप्प्याटप्प्याने रक्कम सोडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जालासुद्धा बँक जास्तीत जास्त ९० टक्केच देऊ शकते, आणि प्रत्यक्षात तुमचं उत्पन्न पाहून त्याहून कमीही मंजूर होतं. म्हणजे फुटिंग आणि जोतं तुमच्याच पैशांनी उभं राहणार, हे धरून चाला. कांद्याचे, कापसाचे किंवा उसाचे पैसे यायचे असतील, तर ते ज्या महिन्यात खात्रीने येतात त्याच महिन्यात मांडा. भाव मिळेल या आशेवर स्लॅबची तारीख ठरवू नका.

घरकुल योजनेत बांधणाऱ्यांना एक विनंती. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी केंद्र-राज्याचं मूळ साहाय्य १ लाख २० हजार रुपयांचं आणि घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट आहे. पैसे टप्प्यांनी येतात. पाया मोठा काढला की पुढचा हप्ता त्या पायाला पुरत नाही आणि भिंती कमरेएवढ्या राहतात. जितकं छपरापर्यंत नेता येईल तितकाच पाया काढा. पुढे वाढवायची सोय नकाशात ठेवून घ्या.

ठेकेदाराशी लिहून घ्या

ठेकेदार तुमचा वैरी नाही. चांगला ठेकेदार मिळाला तर त्याला वेळेवर पैसे द्या, मान द्या. पण सगळं लिहून ठेवा, म्हणजे दोघांचंही नातं टिकतं. सगळ्यांत जास्त वाद होतो तो 'स्क्वेअर फूट' कोणते, यावर. स्लॅबचं क्षेत्रफळ मोजायचं की भिंतीच्या बाहेरून? छज्जा, बाल्कनी, जिना, पोर्च, टाकी पूर्ण धरायचे, निम्मे धरायचे, की धरायचेच नाहीत? हे करारात आकड्यांसह लिहा. मालासह काम असेल तर सिमेंट, लोखंड, विटा, टाइल्स, नळ, वायर यांचे ब्रँड आणि टाइल्सचा कमाल दर लिहा. फक्त मजुरीवर असेल तर सेंट्रिंगचं सामान, मिक्सर आणि पाणी मारण्याची जबाबदारी कुणाची, ते लिहा.

पैसे द्यायचे ते झालेल्या कामाचे: फुटिंग, जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, रंग असे टप्पे पाडून. मोठी उचल देऊ नका. उचल मिळालेला माणूस दुसऱ्या साइटवर जातो आणि तुमचं काम मागे पडतं. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचं करारातच ठरवा. गच्ची गळते का, भिंतीला ओल येते का, हे पावसाशिवाय कळत नाही.

मोजून घ्या, लिहून ठेवा

साइटवर रोज जाणारं एक माणूस ठरवा आणि त्याच्या हातात वही द्या. आज किती गवंडी, किती बिगारी, किती पोती सिमेंट आलं, किती वापरलं, काय काम झालं. रोज पाच ओळी. महिन्याच्या शेवटी हीच वही वेळापत्रकाशी आणि बजेटशी ताडून बघा. काम दोन आठवडे मागे पडलंय किंवा सिमेंट अंदाजापेक्षा जास्त चाललंय, हे वेळेत कळलं तर उपाय करता येतो.

वाळू, खडी, क्रश सँड ब्रासवर येतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणा आणि शंभराने भागा. दहा बाय सहा बाय दीड फूट भरली असेल तर ९० घनफूट, म्हणजे ०.९ ब्रास, पैसे एका ब्रासचे देऊ नका. लोखंड वजनकाट्यावर मोजा, आणि सळीचं वजनही तपासा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, हे दर मीटरचं किलोतलं वजन. १२ मिलिमीटरची सळी मीटरला सुमारे ०.८९ किलो भरली पाहिजे, म्हणजे बारा मीटरची अख्खी सळी साधारण साडेदहा किलोच्या वर. सिमेंट एकदम भरून ठेवू नका. पोत्यावरची तारीख बघा, तीन महिन्यांत वापरून टाका, आणि पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा.

कामावरच्या माणसांचं बजेट

अंदाजपत्रकात एक ओळ माणसांसाठी ठेवा. पिण्याचं स्वच्छ पाणी, सावली, बायकांसाठी आडोशाचा संडास, हेल्मेट, बूट, आणि परांचीवर चढताना कठडा. करारात अपघात विम्याची जबाबदारी कुणाची ते लिहा. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायला मजुराला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्या साइटवर जे दिवस त्याने काम केलं, त्याची नोंद तुमच्या वहीत असेल तर ठेकेदाराला दाखला द्यायला सांगा. त्याच्या मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंतच्या योजना त्या नोंदणीवर अवलंबून असतात. तुमचं घर ज्याच्या हातांनी उभं राहतं, त्याच्यासाठी एवढं करणं हा खर्च मानू नका.

पैसे कमी पडत असतील तर

तरीही कधी आजारपण येतं, पीक जातं, नोकरी जाते. अशा वेळी कर्जावर कर्ज काढून काम रेटू नका. कुठे थांबायचं ते आधीच ठरवून ठेवा. जोतं पूर्ण करून थांबता येतं. स्लॅब आणि बाहेरचं प्लास्टर करून थांबता येतं. अर्धवट कॉलमवर किंवा उघड्या सळ्यांवर थांबू नका, त्या गंजतात. थांबावंच लागलं तर त्यांना सिमेंटची स्लरी लावा किंवा कमी ताकदीच्या काँक्रीटमध्ये बंद करा. आधी दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम पूर्ण करून राहायला जा, भाडं वाचवा, उरलेल्या खोल्या पुढच्या हंगामात करा. बाजूच्या बंगल्याच्या एलिव्हेशनशी स्पर्धा करण्यापेक्षा कर्जाचा हप्ता बेताचा असणं घरातल्या सगळ्यांना जास्त सुख देतं.

तेव्हा या पावसाळ्यात एवढं कराच. एक शंभर पानी वही आणा. पहिल्या पानावर निर्णय आणि त्यांच्या शेवटच्या तारखा, दुसऱ्यावर जूनपासून उलटं मोजलेलं वेळापत्रक, तिसऱ्यावर दोन्ही याद्या, राखीव दहा टक्के आणि महिनावार पैसे. लिहिता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवा, आकडे इंजिनिअरकडून तपासून घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाला ते वाचून दाखवा. ही तीन पानं पूर्ण होईपर्यंत मुहूर्त काढू नका. भटजींना, ठेकेदाराला, पाहुण्यांना खुशाल सांगा की आमची वही अजून तयार नाही. एक हंगाम उशीर झाला तरी चालेल. आयुष्यभराची कमाई लावायची असेल, तर तेवढा उशीर परवडतो.